हॅम रेडिओचं सॉफ्टवेअर सोर्सवरून बिल्ड करणं: लिनक्स, मॅक आणि विंडोज

हॅम (हौशी) रेडिओचं सॉफ्टवेअर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बिल्ड करायची वेळ साधारण तीन कारणांनी येते. लिनक्स डिस्ट्रोच्या रेपॉझिटरीतलं हॅमलिब (संगणकावरून रेडिओ हाताळणारी लायब्ररी) जुनं असतं आणि नवी रिग, म्हणजे रेडिओ संच, त्याच्या यादीतच नसते. किंवा त्रास देणारा बग दुरुस्त झालेला असतो, पण पॅकेज अजून आलेलं नसतं. नाहीतर आपल्या बोर्डासाठी तयार बायनरीच कुणी देत नाही. यातलं एकही कारण नसेल तर पॅकेज मॅनेजर देतो ते वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

कारण असेलच तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कंपायलर सहसा छळत नाही. छळतात त्या एकाच मशीनवर नांदणाऱ्या एकाच लायब्ररीच्या दोन प्रती. एक आपण बिल्ड केलेली, दुसरी कुठल्यातरी पॅकेजच्या शेपटीला धरून न सांगता आलेली. कंपाईल होताना हेडर एकीचं लागतं आणि प्रोग्रॅम चालताना लायब्ररी दुसरीची उचलली जाते. मग रिग ‘कधी बोलते, कधी बोलत नाही’ आणि माणूस केबल बदलत बसतो. खालची सगळी मांडणी या एकाच भानगडीपासून लांब राहण्यासाठी आहे.

उदाहरणाला हॅमलिब आणि त्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्स (क्षीण सिग्नलांवर डिजिटल संदेश पाठवणारा-वाचणारा प्रोग्रॅम) याची २.x मालिका घेतली आहे. या जोडीत ऑटोटूल्स, सीमेक, सी, सी++, फोर्ट्रान आणि क्यूटी असं सगळंच येतं. ही जमली की फ्लडिजी किंवा डायरवुल्फसारखी हॅमची इतर सॉफ्टवेअर हलकी वाटतात. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायच्या.

आधी हॅमलिब, लिनक्सवर

डेबियन-उबंटूवर पायाभूत सामान असं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट सीमेक जीफोर्ट्रान ऑटोकॉन्फ ऑटोमेक लिबटूल पीकेजी-कॉन्फिग

याशिवाय लिबयूएसबी १.०, रीडलाइन आणि यूडेव्ह यांची ‘-डेव्ह’ पॅकेजेस घ्या. नवखे इथेच अडकतात: ‘लिबयूएसबी तर आहे, तरी कॉन्फिगर नाही म्हणतं.’ डेबियनवर साध्या पॅकेजात फक्त चालवण्यापुरती लायब्ररी असते, हेडर फाइली ‘-डेव्ह’मध्ये असतात. फेडोरावर त्याच पॅकेजाच्या नावाला ‘-डेव्हल’ लागतं. आर्च आणि होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) यांत हा भेद नाही, दोन्ही एकत्रच येतात.

गिटवरून घेतलेल्या हॅमलिबमध्ये ‘कॉन्फिगर’ ही फाइल नसते, ती सोर्स फोल्डरात ./बूटस्ट्रॅप चालवून बनवायची. रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) ती आयती असते. बूटस्ट्रॅपच्या वेळी पीकेजी-कॉन्फिग मशीनवर नसेल तर बूटस्ट्रॅप निमूटपणे पार पडू शकतो, पण पुढे कॉन्फिगर मध्येच ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणून आपटतो आणि त्या ओळीत ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ दिसतं. हा शेल स्क्रिप्टमधला दोष नाही, न उलगडलेला मॅक्रो आहे. पीकेजी-कॉन्फिग टाका आणि बूटस्ट्रॅप पुन्हा चालवा. नुसता कॉन्फिगर पुन्हा चालवून तीच ओळ पुन्हा येईल.

आता बिल्डसाठी सोर्सच्या शेजारी वेगळा फोल्डर करा, त्यात जा आणि:

../हॅमलिब/कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/हॅमलिब-प्रीफिक्स --डिसेबल-शेअर्ड --एनेबल-स्टॅटिक --विदाउट-सीएक्सएक्स-बाइंडिंग

मग मेक -जे४ (एका वेळी चार कामं) आणि शेवटी मेक इन्स्टॉल-स्ट्रिप. सुडो लागत नाही, कारण प्रीफिक्समध्ये सांगितल्याप्रमाणे सगळं आपल्याच होम फोल्डरात जातंय. नको झालं तर तो एक फोल्डर उडवला की विषय संपला. शेअर्ड बंद आणि स्टॅटिक चालू ठेवण्याचं कारण वर आलंच आहे: हॅमलिब थेट प्रोग्रॅमच्या पोटात बसतं, चालताना दुसरीकडची प्रत उचलली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रीफिक्स न देता सरळ मेक इन्स्टॉल मारलंत तर माल /यूएसआर/लोकलमध्ये जातो. शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीत मग नेहमीचा प्रसंग येतो: प्रोग्रॅम सुरू करताच ‘लिबहॅमलिब.एसओ.४: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. फाइल जागेवरच असते, लोडरच्या यादीत नसते. डेबियनवर सुडो एलडीकॉन्फिग पुरतं. फेडोरावर /यूएसआर/लोकल/लिब मुळात त्या यादीत धरलेलंच नसतं, म्हणून /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये तो पाथ लिहिलेली छोटी फाइल टाकून मग एलडीकॉन्फिग.

पुढे जाण्याआधी रेडिओ न जोडता तपासून घ्या. हॅमलिबमध्ये मॉडेल क्रमांक १ ही खोटी रिग आहे:

~/हॅमलिब-प्रीफिक्स/बिन/रिगसीटीएल -एम १

प्रॉम्प्ट आला की कॅपिटल एफ १४०७४००० टाका, मग छोटा एफ. १४०७४००० परत आलं पाहिजे. ‘क्यू’ने बाहेर. कमांड पूर्ण पाथ देऊन चालवा. नुसतं रिगसीटीएल म्हटलंत तर पॅकेजमधली जुनी प्रत उत्तर देईल आणि तुम्ही भलत्याच हॅमलिबला पास कराल.

खऱ्या रिगसाठी मॉडेल क्रमांक रिगसीटीएलला -एल (छोटा एल) दिल्यावर मिळतो. हॅमलिब ४ मध्ये क्रमांकांची रचना बदलली: आयकॉम आयसी-७३०० पूर्वी ३७३ होती, आता ३०७३ आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये तीन अंकी क्रमांक राहिले असतील तर बिल्ड चोख असूनही रिग उघडणार नाही.

डब्ल्यूएसजेटी-एक्स

दोन वाटा आहेत. रिलीजचा टारबॉल घेतलात तर तो ‘सुपरबिल्ड’ असतो: आत हॅमलिबचा सोर्सही असतो, आधी तो बिल्ड होतो आणि मग मुख्य प्रोग्रॅम. पहिल्यांदाच करणाऱ्याने हीच वाट धरावी. यातून बनलेल्या हॅमलिबच्या साधनांची नावंही रिगसीटीएल-डब्ल्यूएसजेटीएक्स अशी वेगळी ठेवलेली असतात, म्हणजे सिस्टीममधल्या रिगसीटीएलशी टक्कर नको. दुसरी वाट गिटवरून, वर बनवलेलं हॅमलिब वापरून:

सीमेक -डी सीमेक_प्रीफिक्स_पाथ=$होम/हॅमलिब-प्रीफिक्स -डी सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स=$होम/डब्ल्यूएसजेटीएक्स-प्रीफिक्स ../सोर्स

नंतर सीमेक --बिल्ड . आणि त्यालाच --टार्गेट इन्स्टॉल.

लागणारं सामान: क्यूटी ५ ची बेस, मल्टिमीडिया, सीरियलपोर्ट, वेबसॉकेट्स आणि टूल्स ही डेव्ह पॅकेजेस, बूस्ट, एफएफटीडब्ल्यू ३, लिबयूएसबी, यूडेव्ह. मॅन्युअल बनवायला ॲस्किडॉक्टर लागतं. मॅन्युअल नको असेल तर ‘डब्ल्यूएसजेटी_जनरेट_डॉक्स’ ऑफ आणि ‘डब्ल्यूएसजेटी_स्किप_मॅनपेजेस’ ऑन करा, तेवढ्यासाठी रुबी ओढून आणण्यात अर्थ नाही.

एफएफटीडब्ल्यू या फूरिये रूपांतराच्या लायब्ररीबद्दल थोडं सविस्तर. डिकोडर सिंगल प्रिसिजन, म्हणजे नावाअखेर ‘एफ’ असलेली लायब्ररी मागतात. डिस्ट्रोच्या पॅकेजात ती असतेच. पण एफएफटीडब्ल्यूही स्वतःच बिल्ड करण्याचा उत्साह दाखवलात, तर तिचा साधा कॉन्फिगर फक्त डबल प्रिसिजन बनवतो. --एनेबल-सिंगल आणि --एनेबल-थ्रेड्स देऊन पुन्हा बिल्ड करेपर्यंत सीमेक ‘सापडली नाही’ म्हणत राहील, आणि तुम्हाला तर फोल्डरात फाइल दिसत असेल.

कॉन्फिगर संपला की लगेच मेक मारू नका. बिल्ड फोल्डरातल्या सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये ग्रेप -आय हॅमलिब करा. पाथ तुमच्या प्रीफिक्सचा दिसतोय का? /यूएसआर/लिब दिसला तर थांबा. पाथ दुरुस्त करून नुसतं सीमेक पुन्हा चालवू नका, कॅशमध्ये पहिलं उत्तर चिकटलेलं असतं. अख्खा बिल्ड फोल्डर उडवा आणि नव्याने सुरुवात करा. बिल्ड सोर्सच्या बाहेर करायचं ते यासाठीच, बिनधास्त पुसता येतं.

हा पाथ चुकवणारा एक छुपा पाहुणा म्हणजे कोंडा, पायथनवाल्यांचा पॅकेज मॅनेजर. त्याचं बेस एन्व्हायर्नमेंट आपोआप सुरू होत असेल तर सीमेकला क्यूटी आणि बूस्ट कोंडाच्या सापडतात, कंपायलर मात्र सिस्टीमचा. शेवटी लिंक होताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा पाऊस. कोंडा डीॲक्टिव्हेट करून, नवा बिल्ड फोल्डर घेऊन पुन्हा करा.

बिल्ड झालं, प्रोग्रॅम उघडला, पण सेटिंग्जमधल्या ऑडिओ टॅबवर यादी रिकामी? कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. डेबियन-उबंटूवर क्यूटी मल्टिमीडियाचे प्लगइन वेगळ्या पॅकेजात असतात (‘लिबक्यूटी५मल्टिमीडिया५-प्लगइन्स’). ते कंपाईल करायला लागत नाहीत, चालवायला लागतात, म्हणून सीमेक त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

छोट्या बोर्डांवर मेमरी पाहून -जे ठरवा. सी++च्या मोठ्या फाइलला एकेका प्रोसेसमागे १ जीबीच्या आसपास धरून चाला. १ जीबीच्या रास्पबेरी पायवर -जे४ दिलं की ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ येतं. तो कंपायलरचा दोष नव्हे; मेमरी संपली म्हणून कर्नलने त्याला मारलेलं असतं. -जे१ करा, २ जीबी स्वॅप द्या आणि दुसऱ्या कामाला लागा. -जेपुढे आकडाच न देणं सगळ्यात वाईट: मेक एकदम जितकी कामं निघतील तितकी सुरू करतं.

मॅकवर

आधी एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉलने कमांड लाइन टूल्स, मग होमब्रू. मॅकवर ‘जीसीसी’ टाइप केलं तरी उत्तर ॲपलचा कंपायलर क्लँग देतो, आणि त्यात फोर्ट्रान नाही. जीफोर्ट्रान होमब्रूच्या जीसीसी पॅकेजातून येतो. सी आणि सी++साठी ॲपलचा क्लँगच राहू द्या. सगळंच होमब्रूच्या जीसीसीवर वळवलंत तर क्यूटी वेगळ्या सी++ लायब्ररीवर बांधलेलं असल्यामुळे लिंक होताना सगळं फिसकटतं.

होमब्रू इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकलमध्ये असतं, ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये. जुन्या मॅकवरून सगळा डेटा नव्यावर ओढून आणला असेल तर दोन्ही जागी होमब्रू असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग तीच दोन प्रतींची कथा. खूण: लिंकर ‘इग्नोअरिंग फाइल’ म्हणतो आणि त्याच ओळीत एआरएम६४ व एक्स८६_६४ दोन्ही दिसतात. जुनं होमब्रू काढा किंवा निदान पाथमधून हटवा.

क्यूटी ५ होमब्रूमध्ये ‘केग-ओन्ली’ असतं, सीमेकला आपोआप दिसत नाही. सीमेक_प्रीफिक्स_पाथमध्ये हॅमलिबच्या पाथनंतर अर्धविराम देऊन ब्रू --प्रीफिक्स क्यूटी@५ या कमांडचं उत्तर जोडा. पूर्ण यादी दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेल अर्धविरामापाशी कमांड तोडेल आणि उरलेला पाथ स्वतंत्र कमांड म्हणून चालवू पाहील.

डब्ल्यूएसजेटी-एक्स उघडताच ‘शेअर्ड मेमरी सेगमेंट’ची तक्रार आली तर ती मॅकओएसची मर्यादा आहे: ‘कर्न.सिसव्ही.शेममॅक्स’ मुळात ४१९४३०४, म्हणजे ४ एमबी असतं. सोर्समधल्या डार्विन फोल्डरात ही मर्यादा वाढवणारी पीलिस्ट फाइल आहे. ती /लायब्ररी/लाँचडेमन्समध्ये कॉपी करा, मालकी रूट:व्हील करा आणि मशीन रीस्टार्ट करा. सिससीटीएल कमांडने आकडा बदललाय ना ते पाहून घ्या. मालकी बदलायची राहिली तर फाइल जागेवर असूनही वाचली जात नाही, हे इथलं नेहमीचं घसरणं.

आणखी दोन मॅकी खोड्या. प्रोग्रॅम टर्मिनलमधून थेट चालवला तर मायक्रोफोनची परवानगी टर्मिनलच्या नावावर मागितली जाते; ती नाकारलेली असेल तर एररही येत नाही, वॉटरफॉल (सिग्नलचा सरकता आलेख) नुसता कोरा राहतो. आणि ॲपल सिलिकॉनवर इन्स्टॉल_नेम_टूलने लायब्ररीचे पाथ हलवलेत की फाइलची डिजिटल सही बिघडू शकते, प्रोग्रॅम ‘किल्ड: ९’ एवढंच बोलून मरतो. कोडसाइन --फोर्स -एस - आणि पुढे फाइलचं नाव: तात्पुरत्या सहीवर काम भागतं.

विंडोजवर

व्हिज्युअल स्टुडिओच्या वाटेला इथे जाऊ नका, डब्ल्यूएसजेटी-एक्सला फोर्ट्रान लागतो आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर तो येत नाही. एमएसवायएस२ (विंडोजवर जीसीसी आणि लिनक्ससारखं टर्मिनल देणारा संच) घ्या. ड्राइव्हच्या मुळाशी, स्पेस नसलेल्या छोट्या पाथवर ठेवा. लांब पाथ २६० अक्षरांच्या मर्यादेला टेकतात.

एमएसवायएस२ बरोबर टर्मिनलचे तीन-चार शॉर्टकट येतात आणि निम्मे लोक चुकीचा उघडतात. आपल्याला ‘यूसीआरटी६४’ हवा. ‘एमएसवायएस’ नावाच्या टर्मिनलमधला कंपायलर जे बनवतो ते एमएसवायएस-२.०.डीएलएलवर अवलंबून राहतं, ते विंडोजचं खरं ॲप नव्हे. शंका आली तर एको $एमएसवायएसटेम करा, उत्तर यूसीआरटी६४ यायला हवं. पॅकमॅन -एसवाययूने सगळं अद्ययावत करा, टर्मिनल बंद पडलं तर पुन्हा उघडून तीच कमांड परत द्या. पॅकेज घेताना नावाच्या सुरुवातीला ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी’ असलेलंच घ्या. त्याच नावाची बिनउपसर्गाची पॅकेजेसही असतात आणि ती वेगळ्या दुनियेतली आहेत.

हॅमलिबचा बूटस्ट्रॅप आणि कॉन्फिगर विंडोजवर रडतखडत चालतात. ऑटोटूल्स शेकडो छोटे प्रोसेस सुरू करतात आणि विंडोजवर प्रोसेस सुरू करणं महाग आहे. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल हुंगत असेल तर विचारूच नका. बिल्ड फोल्डर त्याच्या अपवादांत टाका. पहिल्याच पायरीला ‘$\आर: कमांड नॉट फाउंड’ आलं तर सोर्स विंडोजच्या गिटने क्लोन केलेला आहे आणि त्याने ओळींचे शेवट बदलले आहेत. कोअर.ऑटोसीआरएलएफ ‘इनपुट’ करून नव्याने क्लोन करा.

बिल्ड झालेला प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालतो आणि डबल-क्लिक केला की लिबजीफोर्ट्रानची डीएलएल नाही म्हणतो, हे ठरलेलं. विनडिप्लॉयक्यूटी क्यूटीच्या फाइली गोळा करून देतं. फोर्ट्रान आणि एफएफटीडब्ल्यूच्या डीएलएल तुम्हालाच आणाव्या लागतात. एलडीडी चालवा, ज्या ओळींत यूसीआरटी६४ आहे तेवढ्या फाइली ईएक्सईशेजारी कॉपी करा.

एमएसवायएस२ मध्ये सगळं ताजं असतं, आणि सोर्स जुना असेल तर तोच त्रास होतो. डब्ल्यूएसजेटी-एक्ससाठी जेटीएसडीके नावाचा तयार संच आहे, तो जुळणाऱ्या आवृत्त्या आणून देतो. फक्त हेच एक सॉफ्टवेअर बिल्ड करायचं असेल तर तो बरा. आणि नुसतं हॅमलिब विंडोजसाठी हवं असेल तर ते लिनक्सवर बसून क्रॉस-कंपाईल करणं सगळ्यात जलद: मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ टाका, हॅमलिबच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात बिल्ड-डब्ल्यू६४ नावाची स्क्रिप्ट आहेच. त्यातून निघणारी लिबहॅमलिब-४.डीएलएल विंडोजवर आधीच बसवलेल्या डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये जुनीच्या जागी ठेवता येते. जुनीची प्रत राखा, ३२ की ६४ बिट ते जुळवा. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं आणि बाकीच्या बिल्डची गरजच पडत नाही.

बिल्ड झालं, रिग उघडत नाही

लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर सुडोने चालवू नका. डेबियन, उबंटू, फेडोरावर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये टाका, आर्चवर यूयूसीपी, फ्रीबीएसडीवर डायलर. मग लॉगआउट करून पुन्हा या; नवं टर्मिनल उघडून ग्रुप लागू होत नाही. मॅकवर /डेव्हमध्ये एकाच पोर्टची टीटीवाय आणि सीयू अशी दोन नावं दिसतात. सीयूवालं घ्या, टीटीवायवालं समोरून कॅरियर सिग्नल येण्याची वाट पाहत बसतं.

आरटीएल-एसडीआरची (टीव्हीच्या यूएसबी डाँगलला रेडिओ रिसीव्हर म्हणून वापरणारी) लायब्ररी बिल्ड करत असाल तर सीमेकला यूडेव्ह रूल्स बसवण्याचा पर्याय ऑन करून द्या. डाँगल ‘क्लेम इंटरफेस एरर -६’ देत असेल तर कर्नलमधल्या टीव्हीच्या ड्रायव्हरने (‘डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू’) तो आधीच धरलेला आहे, त्याला ब्लॅकलिस्ट करा. विंडोजवर हेच काम झॅडिग नावाच्या साधनाने विनयूएसबी ड्रायव्हर बसवून होतं.

जुना सोर्स, नवा कंपायलर

एरर वाचताना शेवटची ओळ सोडा, पहिली शोधा. -जे४ मध्ये चार कामांचा मजकूर एकमेकांत मिसळतो. मेक -जे१ पुन्हा चालवलं की दोषी फाइल नेमकी शेवटी येते. बाकी तीन एरर चेहऱ्यावरून ओळखता येतात. फोर्ट्रानमध्ये ‘टाइप मिसमॅच बिट्वीन आर्ग्युमेंट्स’: जीसीसी १० पासून हे वॉर्निंग न राहता एरर झालं, फोर्ट्रानच्या फ्लॅग्जमध्ये -एफअलाव-आर्ग्युमेंट-मिसमॅच द्या. जुन्या सी कोडमध्ये ‘मल्टिपल डेफिनिशन’: तेही जीसीसी १० मुळेच, -एफकॉमनने गप्प बसतं. आणि सीमेक सुरुवातीलाच ‘३.५ पेक्षा जुन्याशी कम्पॅटिबिलिटी काढली आहे’ म्हणालं तर तुमच्याकडे २०२५ मध्ये आलेलं सीमेक ४ आहे; सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम=३.५ दिलं की बहुतेक जुने प्रकल्प पुढे सरकतात.

नवी आवृत्ती आली की गिट पुल करून जुन्याच बिल्ड फोल्डरात मेक मारण्याचा मोह होतो. हॅमलिबच्या बाबतीत तो टाळा: नवा बिल्ड फोल्डर, आणि प्रीफिक्सच्या नावात तारीख. स्टॅटिक जोडणी असल्यामुळे हॅमलिब बदललं तरी डब्ल्यूएसजेटी-एक्स आपोआप बदलत नाही, तेही नव्या प्रीफिक्सवर पुन्हा बिल्ड करावं लागतं. नव्यावर पीटीटी (प्रसारण सुरू करणारा स्विच) पडतो, सुटतो आणि बँड बदलतो हे डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या भारावर) पाहून झाल्यावरच जुना प्रीफिक्स पुसा.